संस्थापक

साताऱ्यात राहून व्यायाम टाळायचा म्हणजे खरं तर अंगमेहनतीचं काम आहे. दार उघडलं की समोर अजिंक्यतारा उभा. पहाटे पाचपासून चार भिंती स्मारकाकडे माणसांची रीघ लागलेली, शाहू स्टेडियमवर पोलीस भरतीची पोरं घाम गाळत असतात, आणि राजवाड्याजवळच्या टपरीवर चहा प्यायला थांबलात तर शेजारचा माणूस ओळखपाळख नसताना ‘आज किती झाले?’ म्हणून किलोमीटर विचारतो. जिल्हा तरी कुणाचा? १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीतलं ब्राँझपदक घेऊन आलेले खाशाबा जाधव इथल्या गोळेश्वरचे. २०१६ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावलेली ललिता बाबर इथल्या माण तालुक्यातली. सज्जनगड हाकेच्या अंतरावर, समर्थांचे मारुती चाफळ, मसूर, उंब्रजला. जाल तिकडे दंडबैठकांची आठवण करून देणारा कुणीतरी उभाच. एवढ्या कडेकोट वेढ्यातूनही ज्यांचं पोट सहीसलामत बाहेर आलेलं आहे, ते आमचे बापू.

बापू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वय पंचावन्नच्या आगेमागे, नोकरी सरकारी, आवाज खणखणीत आणि शर्टाचं खालून तिसरं बटण कायम तणावाखाली. त्यांच्याविषयीचा एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. बापू आळशी नाहीत. आळशी माणूस व्यायामाचं नाव काढत नाही आणि कुणी काढलं तर कूस बदलतो. बापू व्यायाम सुरू करतात. मी त्यांना ओळखतो तेव्हापासून ते व्यायाम सुरूच करत आले आहेत, आणि सुरू करण्यात त्यांनी जो नेम पाळला आहे तो चालू ठेवणाऱ्या भल्याभल्यांना जमलेला नाही.

त्यांचं वर्ष इतरांसारखं महिन्यांचं नसतं, मुहूर्तांचं असतं. १ जानेवारी तर आहेच. ती हुकली तर रथसप्तमी, कारण सूर्यनमस्कारांना त्याहून चांगला दिवस कुठला? मग पाडवा. मग १ एप्रिल, कारण सरकारी माणसाचं खरं वर्ष तेव्हा सुरू होतं. २१ जूनला योग दिन. नंतर दसरा, सीमोल्लंघन म्हणून. स्वतःचा वाढदिवस, आणि वहिनींचाही, कारण ‘या वर्षी तुला माझी तब्येत भेट’ असं त्यांनी एकदा केक कापताना जाहीर केलं होतं. (वहिनी म्हणाल्या, ‘त्यापेक्षा कुकर द्या.’) मधले सोमवार वेगळे. सोमवारी अमावास्या आली तर तो सोमवार बाद, मात्र मंगळवारी सुरू करायचं नाही. मंगळवार हा काय आठवड्याचा आरंभ आहे?

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली यावर एक निबंधच लिहिला. विद्यापीठाच्या व्यायामशाळेची हजेरी तपासून त्यांनी दाखवलं की आठवडा, महिना, वर्ष, सत्र यांच्या आरंभाला आणि वाढदिवसानंतर माणसं जास्त येतात. पान उलटलं की मागच्या पानावरचा नालायक कुणी दुसराच होता असं माणसाला वाटतं, आणि नवा माणूस ताज्या दमाने बूट घालतो. मी हे बापूंना वाचून दाखवलं. बापूंनी मान डोलावली. ‘म्हणजे मुहूर्त लागतो हे त्यांना आत्ता कळलं. आमच्या आजीला विचारलं असतं तर एवढा खर्च वाचला असता.’

मुहूर्त धरला की साहित्य आलं. बापू उसनवारीच्या साहित्यावर काही सुरू करत नाहीत. योगासनांच्या वेळी आणलेली निळी चटई गेल्या उन्हाळ्यात मी गच्चीवर पाहिली. तिच्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. चटई चांगल्या प्रतीची असल्यामुळे कुरडया खाली चिकटत नाहीत आणि उचलताना मोडत नाहीत, असं वहिनींचं मत आहे, आणि या बाबतीत त्यांच्या शब्दाला आमच्या इमारतीत वजन आहे. चटईवर आता गोल गोल वेटोळ्यांची नक्षी कायमची उमटली आहे. पुढे कधी बापूंनी तिच्यावर शवासन केलंच, तर उठल्यावर पाठीवर कुरडई दिसेल. पाच किलोच्या डंबेल्सची जोडी आहे. ती एका पाडव्याला घेतली होती. पुढच्या पाडव्याला आम्ही श्रीखंडाला गेलो तेव्हा त्यातलं एक डंबेल फडक्यात बांधलेल्या चक्क्यावर ठेवलेलं होतं आणि त्याखालून पाणी शांतपणे निथळत होतं. ‘काही म्हणा,’ वहिनी म्हणाल्या, ‘पूर्वी वरवंटा ठेवायचे, तो घरंगळायचा.’ दुसरं डंबेल कुठे आहे ते मी विचारलं नाही. जेवून निघताना दाराला अडकलो तेव्हा कळलं.

मग एक वर्ष जिमचं. बापूंनी वार्षिक फी भरली, कारण वार्षिकात सूट होती आणि सूट सोडणं त्यांच्या रक्तात नाही. अर्थशास्त्रातल्या एका गाजलेल्या अभ्यासात, तो २००६ साली छापून आला, अमेरिकेतल्या तीन जिमच्या साडेसात हजारांवर सभासदांचा हिशेब मांडला आहे. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त ठोक फी भरणारे महिन्यातून सरासरी जेमतेम सवाचार वेळा जात होते, म्हणजे एका खेपेला त्यांना सतरा डॉलरच्या वर पडत होते, आणि त्याच जिममध्ये दहा डॉलरला एक खेप पडेल असा पास मिळत होता. बापूंच्या तुलनेत ही माणसं म्हणजे पैलवानच म्हणायची. बापू एकदा चौकशीला गेले, एकदा फी भरायला आणि एकदा व्यायामाला. चौथ्यांदा गेले ते राहिलेला टॉवेल आणायला. पण त्या चौथ्या खेपेला काय झालं ते महत्त्वाचं आहे. काउंटरवर दोन तरुण तीन महिन्यांची फी भरावी की सहा महिन्यांची, या घोळात उभे होते. बापूंनी टॉवेल खांद्यावर टाकून त्यांना शरीरसंपदेवर अर्धा तास ऐकवलं. दोघांनी वर्षाचे पैसे भरले. ती मुलं अजून जातात. त्यातला एक तर आता तिथेच शिकवतो. त्याचे दंड मी पाहिले आहेत. बापूंना तो दुरून नमस्कार करतो.

आता कॅलेंडरची गोष्ट. कुठलीही सवय एकवीस दिवसांत लागते असं बापूंच्या वाचनात आलं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकातून फिरत फिरत सगळीकडे पोचला. १९६० साली त्याने लिहिलं होतं की नवं नाक बसवून घेतलेल्या माणसाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एकवीस दिवस जातात. ‘निदान’ कुठेतरी वाटेत गळलं, नाकही गळलं, आणि एकवीस तेवढा उरला. बापूंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोंद ठेवायची ठरवली. व्यायाम झाला की चौकोन कोरा, चुकला की लाल पेनने ‘ख’. ख म्हणजे खाडा. एकवीस चौकोन ओळीने कोरे राहिले की सवय लागली.

एक लहानशी गोष्ट त्यांच्या ध्यानात राहिली नाही. त्याच कॅलेंडरच्या त्याच चौकोनात वहिनी गेली कैक वर्षं दूध आलं नाही त्या दिवशी ‘ख’ लिहीत आल्या होत्या.

महिनाअखेरीला वहिनी माहेरी कराडला गेलेल्या. हिशेबाला गवळी आला. बापूंनी चष्मा लावून खाडे मोजले आणि सरकारी स्वरात सांगितलं, ‘सव्वीस दिवस खाडा. पाच दिवसांचे पैसे घ्या.’

गवळी गार पडला. ‘सव्वीस? बापू, आवं म्हस माजी, तिला काय झालंय सव्वीस दिस?’

‘इथे लेखी आहे.’

‘लेखी र्‍हाऊ द्या. रोज सकाळी साडेपाचला ह्या खिडकीच्या कट्ट्यावर मी किटली ठेवतुय. तुमी आत पांघरूण घिऊन घोरत असताय. रोज बघतुय की मी. एकबी दिस चुकल्याला न्हाई.’

म्हणजे कॅलेंडरच्या नोंदी बरोबर होत्या आणि त्यांना साक्षीदारही मिळाला. बापूंनी सगळे पैसे दिले. पुढच्या महिन्यापासून व्यायामाची नोंद हिरव्या पेनने व्हायला लागली, आणि गवळ्याने खिडकीवर टकटक करून ‘बापू, पाच पस्तीस’ म्हणायला सुरुवात केली, ती बापूंनी दोन दिवसांत बंद पाडली.

मला विचाराल तर बापूंचं खरं दुखणं त्या ‘ख’मध्ये आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात काही वर्षांपूर्वी शहाण्णव माणसांवर सवयींचा अभ्यास झाला. रोज एक साधी गोष्ट करायची, आणि ती अंगवळणी कधी पडते ते नोंदवायचं. सरासरी निघाली सहासष्ट दिवस, पण कुणाला अठरा पुरले तर कुणाचा हिशेब दोनशे चोपन्नपर्यंत गेला. आणि त्यातली खरी मेख अशी की मधे एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नव्हता. बापूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी त्यातलं दोनशे चोपन्न तेवढं उचललं आणि ‘म्हणजे घाई नाही’ असा निष्कर्ष काढला. खाड्याचं मात्र त्यांना पटलं नाही. व्यायाम हे त्यांच्या लेखी व्रत आहे. सोमवार, मंगळवार, बुधवार डोळ्यांत तेल घालून झाला, आणि गुरुवारी साहेबांच्या मुलीच्या लग्नामुळे चुकला, की व्रत मोडलं. मोडलेलं व्रत शुक्रवारी पुढे रेटायचं हे त्यांना अपवित्र वाटतं. ते सगळं नीट गुंडाळून ठेवतात आणि नवा मुहूर्त बघतात. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर सुंदर अक्षरात नाव घालणारा विद्यार्थी पहिली खाडाखोड झाली की नवी वही मागतो, तशातली गत.

पावलं मोजायचं घड्याळ आलं तेव्हा वाटलं, आता बापू सापडले. मनगटावरचं यंत्र काही सोमवार बघत नाही. रोज दहा हजार पावलं. हाही आकडा कुणा डॉक्टरच्या तपासणीतून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानात चालण्याची लाट आली आणि १९६५ साली तिथल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मीटर’ असं ठेवलं. नाव खपलं आणि आकडा वेदवाक्य झाला. २०१९मध्ये अमेरिकेतल्या वयस्क बायकांवर एक अभ्यास झाला, त्यात साडेसात हजारांच्या आसपास गेल्यावर फायदा आणखी वाढत नाही असं दिसलं, आणि साडेचार हजारांच्या आतबाहेर चालणाऱ्यांनाही अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बराच लाभ होता. बापूंना सवलती नको होत्या. दहा म्हणजे दहा.

गणपतीचे दिवस होते. पहिल्या संध्याकाळी इमारतीच्या आरतीला उभे असताना बापूंनी सहज मनगटाकडे पाहिलं. टाळ्या वाजवताना घड्याळ पावलं मोजत होतं! सुखकर्ता ते घालीन लोटांगण एवढ्यात त्यांचं साताठशे पावलांचं चालणं झालं होतं, तेही जागेवरून न हलता. त्या वर्षी आमच्या इमारतीत जेवढ्या आरत्या झाल्या तेवढ्या कधी झाल्या नव्हत्या. बापूंनी शंकराची, विठोबाची, दत्ताची, ज्ञानेश्वर महाराजांची, सगळ्यांची आठवण ठेवली. प्रसादाच्या खिरापतीवर डोळा ठेवून उभी असलेली पोरं रडकुंडीला आली. मंत्रपुष्पांजलीला टाळ्या नसतात, म्हणून ती मात्र बापू लवकर आटोपायचे. अनंत चतुर्दशीला ढोल-ताशाच्या मागे त्यांनी बावीस हजारांचा विक्रम केला आणि दुसऱ्या दिवशी घड्याळ काढून ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘आता गणपती गेले.’

जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, हे वाचल्यावर तर बापूंमधला सरकारी नोकर जागा झाला. आठवड्याला दीडशे, म्हणजे वर्षाला सात हजार आठशे, म्हणजे एकशे तीस तास. अर्जित रजा जर साठवता येते तर व्यायाम का येऊ नये? दिवाळीच्या सुट्टीत सगळा कोटा पुरा करून टाकता येईल, असं त्यांनी कागदावर सिद्ध केलं. कागद अजून त्यांच्याकडे आहे. दिवाळीत फराळ होता.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की बापूंच्या हातून काहीच झालं नाही. इथेच तर गंमत आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांची साखर वाढल्याचं कळलं त्या संध्याकाळी बापू त्यांच्याकडे गेले आणि रात्री दहाला बाहेर पडले. त्या दिवशी बापूंनी औंधचे राजे काढले होते. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत, संस्थानातल्या शाळाशाळांतून त्यांनी ते घालायला लावले, आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, हे बापू असं सांगतात की ऐकणाऱ्याचे हात नकळत जोडले जातात. राजेसाहेबांच्या हातात संस्थान होतं. बापूंच्या हातात फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला बापू गुरुजींच्या दाराशी हजर झाले आणि दोघं चार भिंतीपर्यंत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी बापूंनी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठना उठवलं. चौथ्या दिवशी शेठनी आपल्या मेहुण्याला. पाचव्या दिवशी बापूंचा खाडा झाला.

पण तोवर गाडा चालू झाला होता. शेठ दुकान उघडायच्या आधी खाली उभे राहून गुरुजींना हाक मारत, गुरुजी जाता जाता गल्लीतल्या एका काकूंच्या खिडकीवर छत्रीने टकटक करत, काकू कोपऱ्यावरच्या दोघी जावांना घेत. आज त्या गटात वीस-बावीस माणसं आहेत. पावसात जातात, थंडीत कानटोप्या घालून जातात. गुडघा दुखला, पाहुणे आले, मयतीला जावं लागलं, की तो माणूस त्या दिवशी येत नाही. दुसऱ्या दिवशी येतो. कुणी विचारत नाही, तोही सांगत नाही.

मी एकदा गुरुजींना विचारलं की एवढी प्रेरणा कुठून मिळते. गुरुजींनी डोकं खाजवलं. ‘प्रेरणा? ती बापूंकडे. मला नाही बुवा कधी आली. शेठ खालून हाक मारतो. पहिल्या हाकेला उठलो नाही तर दुसरीला अख्खी गल्ली उठते. त्यापेक्षा गेलेलं बरं.’

एवढंच. नियमित व्यायाम करणाऱ्या माणसाशी बोलणं फार कंटाळवाणं असतं. त्याला सांगण्यासारखं काही नसतं. बापूंशी बोलून उठलात तर तुमच्या पिंढऱ्या आपोआप ताणल्या जातात. ज्याला रोज जेवायला मिळतं तो जेवणावर काय बोलणार?

गट सुरू केला म्हणून बापू संस्थापक, आणि ग्रुपचे ॲडमिनही तेच. पहाटे साडेपाचला त्यांचा सूर्योदयाचा फोटो ठरलेला, खाली ‘चला, गड बोलावतोय’ अशी ओळ. एकदा जुलैत साताऱ्याला आठवडाभर सूर्याचं दर्शन नव्हतं, अजिंक्यतारा ढगात बुडालेला, समोरचा विजेचा खांब दिसत नव्हता, आणि बापूंच्या फोटोत तांबूस आकाश आणि लखलखीत सूर्य. गुरुजींनी वरून भिजता भिजता उत्तर पाठवलं, ‘बापू, आपला सूर्य कुठल्या गावचा?’ बापूंनी अंगठा पाठवला आणि फोटो बदलला. आता पावसाळ्यात ढगांचा असतो. तोही मागच्या वर्षीचाच.

मग हिल मॅरेथॉन. साताऱ्यात २०१२पासून ही अर्धमॅरेथॉन होते, एकवीस किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून परत यायचं. परगावचे लोक महिनोन्‌महिने तयारी करून येतात आणि घाटात साताऱ्याला शिव्या देतात. बापूंनी नाव नोंदवलं. टी-शर्ट मिळाला, छातीवर लावायचा नंबर मिळाला. टी-शर्ट घालून ते मंडईत जाऊन आले, भाजीवाल्या मावशींनी कोथिंबीर फुकट दिली. सराव झाला पहिल्या आठवड्यात. मग खाडा.

शर्यतीच्या पहाटे बापूंना झोप लागेना. साडेचारला उठून ते टी-शर्ट चढवून, नंबर लावून समर्थ मंदिरापाशी जाऊन उभे राहिले, रस्त्याच्या कडेला. आणि धावणारे दिसायला लागले तसा त्यांना कंठ फुटला. नंबराच्या कागदावर नाव छापलेलं असतं. बापू प्रत्येकाला नावाने हाक मारत होते. ‘चल सुनीता, घाट काय खात नाही तुला! शाब्बास रे शेख! देशपांडे, मान वर!’ हातात कुणीतरी केळ्यांचा घड दिला, ती वाटायला लागले. पायात गोळा येऊन एक पुण्याचा गृहस्थ कठड्यावर बसला होता. बापू त्याच्याजवळ गेले आणि ललिता बाबरपासून सुरुवात केली. बत्तीस वर्षांनी भारताची एक बाई ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत पोचते, कुठली, तर माणची, दुष्काळी भागातली, असं सांगत ते खाशाबांपर्यंत आले तेव्हा तो गृहस्थ उठला आणि धावायला लागला. धावायची जिद्द परत आली की बापूंपासून सुटायचं होतं, ते कळलं नाही. पण त्याने शर्यत पुरी केली. शेवटचा लंगडणारा माणूस जाईपर्यंत बापू तिथेच होते. दुपारी घरी आले ते घसा बसून, आणि वहिनींना खुणेने सांगू लागले की पुढच्या वर्षी धावणारच.

यंदा रथसप्तमीला चालणाऱ्यांच्या गटाने संस्थापकांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, कंदी पेढ्यांचा पुडा, आणि कार्यक्रम किल्ल्यावर, दरवाजापाशी, सकाळी साडेसहाला. सगळे नेहमीसारखे चालत गेले. सत्कारमूर्ती रिक्षाने आले. किल्ल्यावर गाडीरस्ता जातो हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्याचा उपयोग असा होईल हे लक्षात आलं नव्हतं. ‘शाल मळायला नको,’ बापूंनी उतरता उतरता खुलासा केला. शाल अजून मिळायची होती.

सत्काराला उत्तर म्हणून बापू ‘सातत्य’ या विषयावर बोलले. मी त्यांची पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पण त्या दिवशी काही वेगळंच होतं. खाली सातारा हळूहळू उजळत होता, मागे दरवाजाचे बुरूज, आणि बापू हात उंचावून सांगत होते की चढताना मधे थांबायचं नाही, थांबला तो तिथेच राहिला. गुरुजी घड्याळ बघत होते, त्यांची नमस्कारांची वेळ टळून चालली होती. शेठना दुकान उघडायचं होतं. पण एक माणूस मात्र जिवाचे कान करून ऐकत होता. तो रिक्षावाला. हँडलवर कोपर टेकून, तोंडातली सुपारी चघळायची थांबवून, आपल्या खाकी शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे अधूनमधून बघत. भाषण संपल्यावर तो पुढे आला आणि पेढा घ्यायला नकार दिला. ‘शुगर हाय सायेब,’ म्हणाला. ‘पर तुमी बोल्लाय ते लागलंय काळजाला.’

बापूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच रिक्षाने खाली गेले.

दुसऱ्या दिवसापासून तो यायला लागला. रिक्षा खाली कोपऱ्यावर लावतो, चपला काढून सीटखाली ठेवतो, पोराचे जुने बूट घालतो आणि गटाच्या पुढे निघून जातो. पहिल्या आठवड्यात दम लागायचा, आता गुरुजींना मागे टाकतो. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी येतो.

इकडे पाडवा आला. बापूंनी नवा संकल्प सोडला, आणि या वेळी तो मला खरोखर व्यवहारी वाटला. चढण आपल्याला झेपत नाही हे मान्य करायचं. किल्ल्यावर रिक्षाने जायचं आणि उतरायचं मात्र पायी. उतरणं हाही व्यायामच आहे, उलट मांड्यांना जास्त. बूट नवे आणले होते. पाडव्याला पहाटे, मी गुढीची तयारी करत होतो तेव्हा, बापू सगळ्या सरंजामानिशी कोपऱ्यावर उभे होते. त्या वेळेला तिथे एकच रिक्षा असते. रिक्षा होती, आत कुणी नव्हतं. बापूंनी हाका मारल्या, हॉर्न वाजवून पाहिला, शेवटी हुडवर रंगवलेला नंबर फिरवला.

पलीकडून धापा टाकल्याचा आवाज आला. ‘बापू, आत्ता येता येत न्हाई. निम्म्यात हाय.’

‘अरे मग खाली ये की! मी थांबलोय इथे.’

‘आसं कसं बापू,’ तो म्हणाला, ‘मदी थांबायचं न्हाई म्हनून तुमीच सांगितलंय न्हवं का.’